वर्षाला एक कडवं

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, एक गाणं आहे आणि ते दरवर्षी दोन ओळींनी वाढतं. ते वाढवते माझी मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. जन्मभर तिनं बाजारात भाजी विकली, गिऱ्हाइकांशी भांडली, सुनेला नावं ठेवली, आणि या सगळ्यातून वर्षाला एक कडवं केलं.

वऱ्हाडाबाहेरच्यांना भुलाबाई सांगावी लागते. भादव्याच्या पुनवेला ही देवी माहेरपणाला येते. तिची आणि तिच्या नवऱ्याची, भुलोजीची, मातीची जोडी पाटावर बसते, आणि महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी तिच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत. बंद डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मखर करून तिला निरोप देतात. आता सगळीकडे सोयाबीन झाल्यामुळे हे धांडे अकोटकडून एसटीच्या टपावर टाकून आणावे लागतात, ते निराळं.

बाकी गाणी सगळ्या वऱ्हाडाची. हे एक आमचं. कोजागिरीच्या संध्याकाळी ते शेवटी म्हणायचं, पहिल्या कडव्यापासून, आणि टोकाला मोठ्या आईनं यंदाचं नवं जोडायचं. त्यात त्या वर्षाचं काहीतरी असतं. मोर्णा नदीला पूर आला त्या सालचं हे:

मोर्णा आली दारी बाई, पाय धुऊन गेली
भुलाबाईची कोरी साडी ओटीत घालून नेली

हे म्हणताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आणि याच बाईनं हेही केलं आहे:

औंदा घरी गॅस आला, गॅस आला गॅस
भुलाबाईची चूल म्हणे, बस बाई बस

कॉलेजात असताना मला या कडव्याची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणी हसायच्या. मी म्हटलं, मोठ्या आई, हे एवढं गाळून टाक. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काहून गाळू? त्या साली तेवढंच जमलं मले. जमलं ते राहीन."

हा तिचा नियम. जुळलेलं बदलायचं नाही, फसलेलं गाळायचं नाही, आणि साल चुकवायचं नाही. थोरले काका गेले त्या वर्षी घरात सण नव्हता. भुलाबाई शेजारी बसली. आता गाणं खुंटलं असं मला वाटलं होतं. कोजागिरीला मोठी आई शेजारणीच्या पायरीवर जाऊन बसली, उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, आणि तिथून म्हणाली:

अंगणातली खाट बाई रिकामीच राहे
भुलाबाई येता-जाता वळून वळून पाहे

मी अमरावतीला राहते आणि पुस्तकं लिहिते. लिहिते म्हणजे, सुरू करते. माझ्याकडे उत्तम सुरुवातींचा भरपूर साठा आहे. एकदा मी तिला सांगितलं, सध्या लिहायचा मूड लागत नाही. ती खो-खो हसली. "मूड? कोजागिरी काय तुह्या मूडले पुसून येते काय व?"

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच उरला, हाव, म्हणजे आमच्याकडचं हो. चहा हवा का? हाव. नको का? हाव. रागावली तरी हाव, आणि मग आपल्याच तोंडातून भलतं निघालं हे कळून डोळे भरायचे. जिच्या जिभेला बाजार वचकून असायचा, तिची ही गत बघवत नव्हती.

भादव्याची पुनव आली तेव्हा वहिनी, तिची सून, म्हणाली, "औंदा नको बसवू भुलाबाई. त्यायले उगाच तरास होईन." मोठी आई म्हणाली, "हाव." पण डाव्या हातानं तिनं कोपऱ्यातला पाट पुढे ओढला. बसवली.

पहिल्या संध्याकाळी खिरापतीचा डबा तिच्याच मांडीवर दिला. पोरी विचारायला लागल्या. लाडू? हाव. चिवडा? हाव. शेंगोळे? हाव! पोरींना आधी मजा वाटली, सगळ्याच जिंकल्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारणं सोडून दिलं.

कोजागिरीला मी अमरावतीहून निघाले. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं, "तुमी तं लेखिका आहा. औंदाचं कडवं तुमीच करा न. खंड पडला नाही पाहिजे." मलाही तीच भीती होती. गाणं तुटलं तर मोठी आई उरलेली उमेदही टाकून देईल असं मला वाटत होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत एसटीत माझं कडवं जुळलं. चांगलं होतं. यमक पक्कं, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणण्याची सोयसुद्धा केलेली.

दिवेलागणीला गाणं सुरू झालं. मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. पहिलं कडवं आम्ही म्हटलं. दुसऱ्याला एक जादा आवाज आला. जाडा, किंचित फाटलेला. मी वळून पाहिलं.

ती गात होती. शब्दांसकट. दारी, पाय, धुऊन, ओटीत, सगळं. जिला सहा महिन्यांत पाणी हा शब्द सापडला नव्हता, ती मोर्णेचा पूर गात होती. पोरी गायच्या थांबल्या, मग घाईनं पुन्हा लागल्या. गॅस आला गॅस, तेही आलं, आणि ते कडवं मला जन्मात पहिल्यांदा सुंदर वाटलं. डॉक्टर नंतर म्हणाले, असं होतं, गाण्याची वाट मेंदूत निराळी असते. असेल. पण ती वाट रुळली होती, कारण बाई दरवर्षी तिच्यावरून पहिल्यापासून चालत आली होती. मी हात जोडले. भुलाबाईला जोडले की तिला, ते मला आजही सांगता येणार नाही.

जुनी कडवी संपली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझं कडवं ओठांवर होतं. मी श्वास घेतला आणि मोठ्या आईनं डावा हात उचलून मला थांबवलं.

मग ती गायली. त्या सालचं नवं. त्यात शब्द नव्हते. नुसती चाल, दोन ओळींची, मात्रेला मात्रा धरून. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिचा दम तुटला. ती थांबली, हवा घेतली, आणि ओळ पुरी केली. माझं कडवं मी गिळून टाकलं. कुणाला कधी ऐकवलं नाही.

यंदा कोजागिरीला मी पुन्हा गेले होते. मोठी आई भिंतीलाच टेकलेली, बोलणं अजून हावच्या पुढे फारसं गेलेलं नाही. पोरी गात गात गेल्या सालच्या कडव्याशी आल्या आणि त्यांनी ते तसंच म्हटलं, नुसत्या चालीत. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर सगळ्या एकदम थांबल्या, हवा घेतली, आणि ओळ पुरी केली.

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका चिमुरडीनं विचारलं, "याच्यात शब्द काहून नाई?"

वहिनी म्हणाली, "त्या साली तेवढंच जमलं त्यायले. जमलं ते राहीन."

"हाव," मोठी आई म्हणाली, आणि यंदाच्या कडव्यासाठी सरसावून बसली.