चाकू लागला की पसरतं

अण्णांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला आणि लातूरच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला येताना केळी आणायची आणि जाताना सल्ला देऊन जायचं, ही आमच्याकडची रीत. केळी संपायची, सल्ले संपत नव्हते. "चाकू लावू नका, अण्णा. वारं लागलं की पसरतंय." जो तो हेच. आत्यानं तर कुणाच्या तरी साडूचा दाखला दिला: पोट उघडलं, तसंच शिवलं, महिन्यात गेला. अगं, उघडलं तेव्हाच उशीर झालेला होता! पण ऐकतं कोण? मी नांदेडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिथली पोरं निदान ऐकल्यासारखं तरी करतात.

अण्णांना आयतं निमित्त मिळालं. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. डाळमिलमध्ये जन्मभर मुकादमी केलेला माणूस, म्हणाले, "किडलेलं पोतं गोदामात फोडत न्हाईत."

"मग तिथंच ठेवतात का?" मी चिडून विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी त्यांना ओढून नांदेडला आणलं, सर्जनपुढे बसवलं आणि मीच विचारलं, ऑपरेशननं पसरतं का? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "गाठ हाताळताना थोड्या पेशी रक्तात जाऊ शकतात. बहुतेक मरतात. म्हणून तर आम्ही ग्रंथी न फोडता अख्खी काढतो. आत राहू दिली तर मात्र पसरायला तिला रान मोकळं." एवढ्या उत्तरातलं अण्णांनी पहिलंच वाक्य धरलं.

"बघ. जातेत म्हणं." मी कपाळावर हात मारला.

मग म्हणाले, "माय, जरा पाणी आन." भरलेली बाटली माझ्या पिशवीतून वर डोकावत होती, ती त्यांना दिसत होती. तरी मी उठले. दार नीट लागलं नाही.

"डॉक्टरसाहेब," अण्णांचा आवाज अगदी खाली आला होता, "नंतर लघवीवर ताबा ऱ्हातो का? सुनांसमोर धोतर भिजलं तर त्वांड कुठं लपवू?"

"काही महिने गळते. पॅड वापरावं लागतं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं."

बाहेर मी संतापले. एवढ्यासाठी जिवाशी खेळ? मग वाटलं, विचारणार तरी कुणाला होते? घर माणसांनी भरलेलं, आणि यातलं काही कळणारी एकटी मी. लेक.

आत गेले तर अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पसरत न्हाई म्हणतेत. तारीख घे."