पुसट झालेल्या मेणबत्त्या

तांब्याच्या पत्र्यावर संत कोरायचे आणि छापून विकायचे, यावर जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या वेंडेलिनचं घर चालायचं. माणूस चांगला, पण अंगचोर. सगळ्या संत बिशपांना त्यानं एकच चेहरा देऊन टाकला होता. हातात आतडी गुंडाळलेला रहाट दिला की पोटदुखी बरी करणारा एरास्मस, दोन तिरक्या मेणबत्त्या दिल्या की गळ्याचं दुखणं बरं करणारा ब्लाझियुस. नखाएवढी ही कागदी चित्रं आजाऱ्याला गिळायला द्यायची. लोक गिळायचे, काही बरे व्हायचे. वेंडेलिन त्यात फार डोकं घालत नसे.

त्या हिवाळ्यात त्याच्या लहानग्या लेकीचा, झेन्झीचा गळा सुजला. वैद्यानं रक्त काढलं, मान हलवली आणि तो पुन्हा फिरकला नाही. वाल्पुर्गा, तिची आई, घरातलीच चित्रं दुधात भिजवून तिला भरवत होती. पोर रडत रडत गिळायची. एका सकाळी वाल्पुर्गा कागद घेऊन खिडकीशी गेली आणि तिथंच थिजली.

"मेणबत्त्या कुठं आहेत?"

छापून छापून पत्रा झिजला होता. पुन्हा कोरायचं वेंडेलिन आज-उद्या करत राहिला होता. कागदावर उरला होता नुसता कुणीतरी बिशप.

"इतके दिवस मी कुणाला हाक मारत होते हो?" ती म्हणाली. "आपल्यालाच बोलावतायत हे त्याला कळणार तरी कसं?"

वेंडेलिन उठला. त्यानं कोरणी घेतली. मेणबत्त्या खोल कोरल्या आणि ओला छापा घेऊन तो धावत आला. पण झेन्झीच्या घशाखाली आता पाणीही उतरेना. कागद ओठांवरच राहिला. दुपारी ती गेली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची आफ्रा दाराशी आली. तिच्या मुलाचा गळा सुजला होता. आत पोरीचं कलेवर पाहून तिला मागायचा धीर होईना. वेंडेलिन नवे छापे फाडायला निघाला, तेव्हा वाल्पुर्गानं त्याचा हात धरला.

"द्या तिला."

"वाल्पुर्गा, यात काही नसतं."

"मग दुसरं काय देणार आहात?"

त्यानं एक चित्र कापून दिलं. आफ्रा जिना उतरली. ते पोर वाचलं, तर झेन्झी आपल्याच आळसानं गेली असं ठरणार. ते वाचू नये, असं क्षणभर मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. पोर वाचावं म्हणून प्रार्थना करायला गुडघे टेकले, पण शब्द फुटेना.

त्याच आठवड्यात आफ्राचा मुलगा जिन्यात उड्या मारताना दिसला. वाल्पुर्गा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. वेंडेलिन मरेपर्यंत ती त्याला वेळेवर वाढत राहिली, पण जेवायला एकदाही हाक मारली नाही.