बासष्ट पुस्तकं आणि आंब्याची एक पेटी

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

पुढच्या मंगळवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलंय. तुमच्या आजीने महिनाभर वाचायचं नाही, हे तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "मग तू महिनाभर नुसती वाचतच होतीस, त्या महिन्याचं लिहून ठेव." म्हणून ऑपरेशनच्या आधीच लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मे महिन्याची सुट्टी म्हणजे माझा वाचनाचा महिना. पण आमच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांपर्यंत जाता येत नसे. मध्ये एक लाकडी कठडा होता. आपण यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, ग्रंथपाल आत जायचे आणि बाहेर येताना भलतंच पुस्तक घेऊन यायचे.

"मी हे मागितलं नव्हतं," मी म्हणायची.

"ते नको, बाई. त्यात तीन खून आहेत."

"तुम्ही वाचलंत?"

"मला वाचावं लागतं. जबाबदारी असते."

तर इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, वर्गातल्या चाळीस मुलींना धाकात ठेवणाऱ्या तुमच्या आजीने सहा वर्षं हे गृहस्थ देतील ते वाचलं. त्यातलं अर्धं आदर्श सुनांविषयी होतं. मला फक्त एकदा कठड्याच्या आत जाऊन स्वतःच्या हाताने पुस्तक काढायचं होतं.

त्या वर्षी संधी आली. वाचनालयाचे वासे वाळवीने खाल्ले होते. पावसाआधी कौलं उतरवून वासे बदलायचे ठरलं. महिनाभर छप्पर नसणार, मग पुस्तकं ठेवायची कुठे? विश्वासू सभासदांनी एकेक कपाट घरी न्यावं, असा तोडगा निघाला. मी लगेच हात वर केला, पण एक अट घातली.

"सगळी पुस्तकं जशीच्या तशी परत आणली, तर मला आत सोडायचं."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. "एकूण एक पुस्तक. डाग नको, पान दुमडलेलं नको. मग सोडतो."

माझ्यासाठी त्यांनी पाकशास्त्राचं कपाट काढून ठेवलं होतं. पण छपराची माणसं एक दिवस आधीच येऊन वर चढली, धुरळा पडायला लागला, आणि घाईघाईत माझ्या हातगाडीवर रहस्यकथांचं कपाट चढलं. ग्रंथपालांना ते कळलं तेव्हा गाडी उताराला लागली होती. ते मागून ओरडले, "बाई, ती वाचायची नाहीत! नुसती सांभाळायची!"

घरी पोचल्यावर मी आधी यादी केली. अनुक्रमांक, नाव, पानं, आधीपासून असलेले डाग. बासष्ट पुस्तकं. तुमचे आजोबा बघत होते. "पुस्तकं आणलीस की पंचनामा करत्येस?"

ठेवायची कुठे हाही प्रश्न होता. मे महिना, पडवीभर गवतात आंबे पिकायला घातलेले, पाऊल टाकायला जागा नाही. शेवटी सासूबाईंच्या देवघराशेजारची फळी रिकामी केली. त्या पोथीशिवाय काही वाचत नसत. "बघू तरी काय आणलंयस," म्हणून त्यांनी एक उचललं आणि तीन दिवस खाली ठेवलं नाही. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत त्या वाचायच्या. चौथ्या दिवशी जेवताना अचानक म्हणाल्या, "अगो, माझा त्या पुतण्यावर संशय आहे."

"कुठला पुतण्या?" आजोबा दचकले. त्यांना दोन पुतणे होते.

झालं. मी अनुक्रमांकाने वाचत होते, सासूबाई मुखपृष्ठ बघून. सकाळी आंबे निवडायचे, दुपारी खून. शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही, असा नियम मीच केला होता. तरी सासूबाई माझ्या हातातलं पुस्तक बघून नुसत्या "हं" म्हणायच्या, आणि त्या एका "हं"ने माझी शंभर पानं फुकट जायची. महिन्याभरात माझी एकेचाळीस वाचून झाली. दोनदा भात करपला. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, ते कुणी टाकलं याचा तपास सासूबाईंनी पद्धतशीर केला आणि निर्दोष सुटल्या.

महिना संपायला आठ दिवस असताना मुंबईच्या मावशींची पेटी भरायची होती. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. ही पेटी सासूबाई स्वतः भरत. दुसऱ्याने भरलेली त्यांना चालत नसे. गवताचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा गवत. पेटी भरली, आजोबांनी फळ्यांना खिळे ठोकले आणि सकाळच्या एस.टी.ने ती गेली.

दुपारी सासूबाई हाका मारायला लागल्या. "अगो, माझं पुस्तक बघितलंस? शहाण्णव पानं झाल्येत. माळी आत्ताच खोटं बोलला."

क्रमांक सदतीस. फळीवर नाही, देवघरात नाही. पडवीतलं गवत उपसलं, एकेक आंबा उचलून पाहिला. मग मी हळूच विचारलं, "आई, पेटी भरताना तुमच्या हातात काय होतं?"

त्यांनी हातातला आंबा गवतात ठेवला. मग म्हणाल्या, "शेवटचा थर जरा उंच झाला होता खरा."

मी पोस्टात धावले आणि तार केली: "पेटीत पुस्तक. ताबडतोब परत पाठवा." त्या काळी तार आली की माणसं आधी रडायला लागत आणि मग वाचत. चार दिवसांनी मावशींचं पत्र आलं. "तार पाहून इथे रडारड झाली. शेजारीणबाई तर पाणी घेऊन धावल्या. आंबे छान निघाले, दोन डागी. पुस्तक वरच्या थरात होतं, डाग नाही. निम्मं झालंय, संपलं की पाठवते. शेजारीणबाईही रांगेत आहेत."

परत करायचा दिवस आला आणि पुस्तकं एकसष्टच. सासूबाईंनी उपाय सुचवला. "आपलं ते आरोग्यशास्त्राचं घाल त्यात, खाकी कव्हर चढवून. कोण बघतंय?"

"आई, तुम्ही महिनाभर गुन्हेगारांच्या संगतीत होतात, त्याचा हा परिणाम."

"मग जा, आणि आयुष्यभर त्या कठड्याबाहेर उभी राहा."

मी यादी घेऊन गेले. ग्रंथपालांनी बोट ठेवत ठेवत तपासलं. "सदतीस?"

"मुंबईला आहे."

"मुंबईला कसं गेलं?"

"आंब्याच्या पेटीतून."

त्यांनी यादीवरचं बोट उचललं. "वरच्या थरात की खालच्या?"

"वरच्या."

"मग डाग नसेल," ते म्हणाले. पण मान हलवली. "बाई, अट म्हणजे अट." मी कठड्याबाहेरून घरी आले. सासूबाईंनी आमरस वाढला.

दहा दिवसांनी ग्रंथपाल स्वतः आमच्या पायऱ्या चढून आले. बगलेत क्रमांक सदतीस. मावशींनी आतला शिक्का बघून पुस्तक थेट वाचनालयालाच पाठवलं होतं, वर त्यांना चिठ्ठी: "पुस्तक चांगलं आहे. खून कुणी केला, ते मला साठाव्या पानालाच कळलं." आणि पुढे कुणी केला तेही लिहिलं होतं.

ग्रंथपालांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "बाई, हे एक माझं वाचायचं राहिलं होतं हो."

"सांगू नका!" सासूबाई आतून कानांवर हात ठेवूनच बाहेर आल्या. "मी शहाण्णव पानावर आहे!"

ग्रंथपालांनी पुस्तक सासूबाईंच्या हातात दिलं. मी चहा ठेवला, आणि चहा देता देता म्हटलं, "डाग आहे का? पान दुमडलंय का?"

"नाही."

"बासष्ट पुरी झाली. अटीत तारीख नव्हती."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "सोमवारी या. आणि आत आलात की स्वतःच काढून घ्या. यापुढे कुणी काय वाचावं, याची मला जबाबदारी नको."

सोमवारी मी आत गेले. आत अजून नव्या वाशांच्या लाकडाचा वास होता. मी अर्धा तास नुसती फिरले आणि शेवटी, खरं सांगते, पाकशास्त्राचं पुस्तक घेऊन बाहेर आले. इतक्या पुस्तकांसमोर मला काही सुचेचना.

आता सासूबाई नाहीत, मावशी नाहीत, ग्रंथपालही गेले. तो कठडा कधीच काढून टाकला. वाचनालय आहे, माझं सभासदत्व चालू आहे, आणि कुणीही आत जाऊन हवं ते पुस्तक काढू शकतं.