वरच्या खोलीतली सावड

मला देवाधर्माचं काही विचारू नका. पहाटे उठून चाळीस भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे आणि दुपारी गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढाच माझा नेम. भाटघर धरणाच्या रस्त्याला आमचं घर आहे. वरची खोली मी भाड्यानं देते. आजवर तिथं कारकून राहिले, एक कंपाउंडर राहिला आणि गेल्या वर्षी मे महिन्यात दोन पांढरे सदरे राहायला आले.

त्यातला एक सार्थक पगारे, वय वीस. घर बंगळुरूला, आई श्रीरामपूरकडची, म्हणून मराठी बरं बोलायचा. खिशावर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर पगारे’. मी विचारलं, “एल्डर म्हंजी काय रं?” तर म्हणाला, “वडीलधारा, काकू.” दाढी धड फुटलेली नाही आणि म्हणे वडीलधारा! दुसरा डॅनियल, राजमुंद्रीचा. त्याला पाणी, भाकरी आणि बस असे तीन शब्द येत होते, आणि तेवढ्यावर त्याचं झकास चाललं होतं.

दोघं ख्रिस्ती, त्यातही मॉर्मन नावाच्या पंथाचे. त्यांच्यात तरुण पोरांनी दोन वर्षं घर सोडून धर्मसेवेला जायचं, पाठवतील तिथं राहायचं अशी रीत आहे. घरी फोन फक्त सोमवारी. चहा वर्ज्य. आणि एकानं दुसऱ्याला नजरेआड करायचं नाही, त्यामुळे एकाला पिन आणायला दुकानात जायचं असलं तरी दोघं जायचे.

धरणाच्या वीजघरात त्यांच्या पंथाचं एक कुटुंब होतं, त्यांच्यासाठी रविवारची प्रार्थनासभा भरवायला ही खोली घेतलेली. पोरं आली आणि दहा दिवसांत त्या कुटुंबाची बदली झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पुण्याच्या त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, ऑगस्टअखेर बघू. रविवारच्या सभेला कुणी येत असलं तर खोली ठेवू, नाहीतर बंद करू.

तेव्हापासून सार्थकचं सगळं लक्ष त्या रविवारावर. माझ्याकडून प्लास्टिकच्या आठ खुर्च्या मागून नेल्या. दर रविवारी दहा वाजता खुर्च्या पुसायच्या, प्रसादाला पावाचे तुकडे आणि पाण्याचे इवलेसे पेले मांडायचे, आणि दोघांनीच गाणं म्हणायचं. सहा खुर्च्या ऐकायला. खाली भाकरी थापताना मला ते ऐकू यायचं आणि उगाच राग यायचा. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

कुणी विचारल्याशिवाय देवाचं बोलायचं नाही असा त्यांना दंडक होता, आणि आमच्याकडे कुणी विचारेना. आधी लोक हाका मारायचे, “या, च्या घ्या.” ही पोरं हात जोडून नको म्हणायची. चहा नाकारणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत. “काही काम असेल तर सांगा, आम्ही करतो,” असं सार्थक दारोदार सांगत फिरला. फुकट काम करणाऱ्या माणसाला लोक चोरापेक्षा जास्त भितात. पोलीस पाटील येऊन दोघांचं आधार कार्ड बघून गेले, तेवढीच काय ती चौकशी झाली.

संध्याकाळी जिन्यावर चिखलाचे बूट काढून सार्थक तिथंच बसून राहायचा. पोरगं वाळत चाललं होतं. एकदा म्हणाला, “काकू, इथे माझं काम काय आहे तेच कळत नाही.”

मी म्हटलं, “मला तरी तीस वर्सांत कुठं कळलंय? भाकऱ्या चालूच हाईत.”

हसला नाही.

जुलैत वरच्या वाडीच्या भामाबाई अडल्या. वय सत्तरीचं, घरात त्या आणि सून स्वप्नाली. मुलाला कंपनीत रजा मिळेना. भाताची रोपं पिवळी पडायला लागली आणि खाचरं रिकामी. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या, दिवसाला दिवस. पण त्या वर्षी भामाबाईंना दुसऱ्यांकडे जाता आलं नव्हतं, मग त्यांच्याकडे कोण येणार? माझ्या दारात बसून त्या हे सांगत होत्या आणि सार्थक जिन्यावरून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं खाचरात उतरले. पांढरे सदरे बांधावर घडी करून ठेवलेले. दोन दिवस लावणी केली. ओळी अशा वाकड्या, की स्वप्नाली तोंडाला पदर लावून हसत होती. पण लावणी झाली. भामाबाई मजुरी द्यायला लागल्या तर घेईनात.

“मग तुमचं काम काय आसतं?” त्यांनी विचारलं.

“रविवारी दहाला सभा असते, आजी. बाकी काही नाही.”

“दोगंच आसता?”

“दोघंच.”

भामाबाईंनी मान हलवली आणि पाय धुवायला गेल्या.

त्या रविवारी नऊलाच सासूसुना माझ्या दारात हजर. लुगडं धुतलेलं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. वर गेल्या, खुर्चीवर ताठ बसल्या. सभा सव्वा तासाची, पण झाल्यावरही उठेनात. फडकं सोडून भाकरी खाल्ली, खोली झाडली, खुर्च्या पुसल्या, दिवस कलल्यावर घरी गेल्या.

ती भाकरी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. भाकरी बांधून माणूस सभेला येत नाही, कामाला येतो. पण वरून चार गळ्यांचा आवाज येत होता, आणि सोमवारी सार्थक फोनवर आईला सांगत होता, “दोघी आल्या, मम्मी! दोघी!” मला म्हणाला, “काकू, आज पहिल्यांदा भूक लागली.” चार भाकऱ्या खाल्ल्या. अशा पोराला कोण सांगणार? मी गप्प बसले. चुकलं माझं.

पुढच्या रविवारीही दोघी आल्या. पुण्याला कळवलं गेलं. खोली राहणार असं ठरत आलं.

तिसऱ्या रविवारी कुणी आलं नाही. अकरा वाजता सार्थक खाली आला. “आजी आजारी आहेत का? वाडीवर जाऊन बघून येतो.”

तिथं जाऊन त्याला कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, असं वाटलं. हातातलं पीठ झटकलं. “आजारी न्हाईत. सावड फिटली त्यांची. तुमी दोगं दोन दिस राबला, त्या दोगी दोन दिस बसल्या. तुमच्या कामाला माणूस मिळत न्हाई आसं त्यांना वाटलं, म्हून आल्या.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग जिन्यावर बसला. म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

उठून वर गेला आणि पुण्याला फोन लावला. कुणी सांगायला गेलं होतं का? दोघी आल्या होत्या हे खरंच होतं. पण हा पठ्ठ्या म्हणाला, “त्या सभेसाठी आल्या नव्हत्या. कामाची परतफेड करायला आल्या होत्या. त्यांना मोजू नका.” मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन भाकऱ्या तव्यावर करपल्या.

महिनाअखेर खोली बंद करायचं ठरलं. सार्थकला कोइंबतूरकडे आणि डॅनियलला दुसरीकडे जायचा हुकूम आला.

शेवटच्या रविवारी मी खुर्च्या उतरवायला वर चालले होते, तर दारात भामाबाई. एकट्याच. फडक्यात भाकरी.

“आवं, तुमची सावड तर फिटली,” मी म्हटलं.

“फिटली म्हून तर आले.” त्या पायरीवर टेकल्या, दम खाल्ला. “तू भाटघरात ऱ्हाऊन भाकऱ्याच थापल्यास, तुला काय ठावं? सावड कदी पुरती फेडू न्हाई. पुरती फेडली की येनंजानं संपलं. एक दिस कुनाचा तरी कुनावर चढताच पायजे.”

गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या. सार्थक ट्रंक भरत होता, तो उभाच राहिला.

“आजी, आता सभा नाही. आम्ही उद्या चाललो.”

“आज हायेस न्हवं? मांड तुझं सामान.”

त्यानं पावाचे तुकडे मांडले. गाणं सुरू केलं, पण दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज बसला. पुढचं डॅनियलनं एकट्यानं ओढलं. भामाबाई संपेपर्यंत ताठ बसून होत्या. मग भाकरीचे तीन वाटे केले. “आता माझा एक दिस तुज्यावर चढला. कापनीला यायचं.”

“मी लांब असेन, आजी. मला येता येणार नाही.”

“मग फुडल्या साली. न्हाईतर लगीन झाल्यावर. चढला तो चढला, त्यो काय नासतोय व्हय?”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ट्रंक ओट्यावर ठेवून एसटीची वाट बघत त्यानं आईला फोन लावला. मी दारातच होते. आईनं नेहमीचं विचारलं असणार, कारण तो म्हणाला, “एक आजी आल्या होत्या, मम्मी.” आणि मग, “नाही, सभेला नाही. माझ्यासाठी आल्या होत्या.”

एसटी आली. मी त्याला डबा दिला. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला, त्यांच्यात चालतं की नाही कोण जाणे.

खोलीत आता एक मास्तर राहतात. कापणीला भामाबाई डोक्यावर भारा घेऊन दारावरून गेल्या, तेव्हा थांबून विचारलं, “आला का गं त्यो?”

“न्हाई आला.”

“यील,” म्हणाल्या आणि भारा सावरत पुढं गेल्या.