झालंच म्हणजे झालं का?

आमच्या वन्सं जन्मजात भित्र्या. गॅस बंद केलाय हे पक्कं माहीत असताना अर्ध्या जिन्यावरून परत फिरणाऱ्या, कुलूप स्वतः ओढून बघून झाल्यावर मलाही ओढून बघायला लावणाऱ्या. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना लहानपणापासून भागूबाई म्हणतो, आणि आता कंपनीतही निम्मे लोक भागूताई म्हणतात. मी त्याच कंपनीत हिशेब बघते. दोघी एकाच स्कूटरवर जातो. मागे बसून प्रत्येक वळणावर त्या माझा खांदा असा आवळतात, की पोचेपर्यंत माझा हात बधिर झालेला असतो.

आमची कंपनी इमारतींना लिफ्ट बसवते. कुठलं काम कुठवर आलंय, कोण फिटर कुठे आहे, गिऱ्हाइकाला ताबा कधी द्यायचा, हे सगळं वन्सं फोनवर सांभाळायच्या. फोन करायच्या, ठेवायच्या, आणि राहवलं नाही की त्याच माणसाला पुन्हा फोन. फिटर वैतागायचे. "भागूताई, झालंच म्हटलं ना!" आता 'झालंच' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'आलोच' म्हणणाऱ्याने अजून चपलासुद्धा घातलेल्या नसतात. तसं 'झालंच' म्हणजे व्हायचंय. म्हणूनच वन्सं संध्याकाळी परत विचारायच्या, आणि नुसतं "झालं" असं कोरडं उत्तर आलं की मगच गिऱ्हाइकाला कळवायच्या.

मग कंपनी वाढली. इतकी, की एकाच मिस्त्रीला दोन ठिकाणी पाठवलंय, हे त्या मिस्त्रीकडूनच कळायला लागलं. साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलं. सगळी कामं, सगळी माणसं, सगळी गिऱ्हाइकं एकाच पडद्यावर. बैठकीच्या खोलीत भिंतभर मोठा पडदा लागला. पुरं झालेलं काम हिरवं, रखडलेलं लाल. दर सोमवारी साहेब लाल चौकोनावर बोट ठेवून विचारायचे, "हे कुणाचं?" ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

प्रत्येक कामापुढे तीनच रकाने होते: सुरू व्हायचंय, सुरू आहे, पूर्ण. शिकवायला आलेल्या टायवाल्याला वन्संनी विचारलं, "आणि झालंच असेल तर?" तो बिचारा आपली भाषा वर्गात बसून शिकलेला. 'च' म्हणजे जोर, एवढं त्याला पक्कं ठाऊक. "मॅडम, झालंच म्हणजे नक्की झालं. पूर्ण दाबा."

वन्संनी ते वहीत उतरवून घेतलं. जो उलट प्रश्न विचारेल त्याला नवं काही कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याची खुर्ची जाणार, अशी तेव्हा ऑफिसभर कुजबुज होती. तेव्हापासून फिटर "झालंच" म्हणाला की त्या 'पूर्ण' दाबू लागल्या. पडदा हिरवागार झाला. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. घरी मात्र त्यांना जेवण जाईना.

"वहिनी, माझं काहीतरी चुकतंय गं."

"वन्सं, तुम्हाला सुखसुद्धा दुखतं," मी म्हणायचे.

एका दुपारी त्यांचा फोन वाजला. मी शेजारच्याच टेबलावर होते. फिटरांचा मुख्य मिस्त्री बोलत होता. पडद्यावरून आलेला हुकूम मुकाट्याने पाळायचा, अशी नवी शिस्त होती, पण हा जुना आणि तोंडाळ.

"भागूताई, आम्हाला बाळंतिणींच्या दवाखान्यावरून का हलवलं? वजनं टाकून ब्रेक तपासायचा राहिलाय."

"सकाळी तुम्ही झालंच म्हणालात!"

"मग? झालंच होतं. ब्रेक तपासला की झालं."

वन्संच्या तोंडचं पाणी पळालं. 'पूर्ण' दाबलं की सॉफ्टवेअर आपल्या मनाने फिटरना पुढच्या कामावर धाडायचं आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाला निरोप जायचा: लिफ्ट वापरायला तयार आहे. सगळं एकमेकांना जोडलेलं, याचंच तर साहेबांना कौतुक होतं.

दवाखान्याचा फोन लागेना. 'पूर्ण' केलेलं काम मागे घ्यायची मुभा फक्त साहेबांना, आणि साहेब बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना तोच हिरवा पडदा दाखवत होते. मी म्हटलं, "वन्सं, थांबा जरा, फोन लागू दे." खरं तर मीच घाबरले होते. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी दार ढकललं.

"साहेब, दवाखान्याची लिफ्ट झालेली नाही."

"हिरवी दिसतेय की."

"हिरवी मी केली. झालेली नाही."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "आपण नंतर बोलू."

"नंतर नाही!" वन्सं चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ब्रेक तपासलेला नाही, आणि आत बाळंतिणी चढतायत."

साहेबांचं हसू मावळलं. तेवढ्यात मी ओरडले, "लागला फोन!"

पलीकडे दवाखान्याचा रखवालदार होता. "लिफ्ट ना? सकाळपासून झकास चालतेय. हे आत्ताच एकीला वर घेऊन गेले."

वन्संनी धावत येऊन माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "त्या वर उतरल्या का बघा. मग कुणालाही चढू देऊ नका. तुम्ही स्वतः दारात उभे राहा. आणि फोन ठेवू नका!"

स्पीकर लावून आम्ही ऐकत राहिलो. कुणीतरी खोकलं. लांब एक बाळ रडत होतं. साहेब माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि खुर्ची हलत होती.

"उतरल्या," रखवालदार म्हणाला. "पण झालंय काय?"

वन्सं तिथेच फरशीवर बसल्या.

मिस्त्री उलट पावली दवाखान्यात गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा पाहुणे केव्हाच गेले होते आणि आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत बसलो होतो. वन्संनी फोनचा आवाज मोठा केला.

"ताई, ब्रेकने धरलं नाही. रिकामी असली तर थांबते, भरली की घसरते. वजनं टाकली तर थेट तळाला आपटली."

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "वाचलो. तुमच्यामुळे वाचलो."

वन्सं हलल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवे चौकोन.

"साहेब," त्या म्हणाल्या, "बाकीचेही मी असेच केलेत."

साहेबांनी एक फोन स्वतःकडे ओढला, एक वन्संना दिला, एक माझ्याकडे सरकवला. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम एका शाळेचं होतं.