आमच्या खेळातलं विष

किस्से कधी साठतात ते कळत नाही. दर रविवारी दुपारी नगरला माझ्या घरी आम्ही चौघं खेळायला बसतो आणि उठताना एक तरी किस्सा पदरात पडलेला असतो. खेळ सोपा. मी राजा-राक्षसांची गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्यातली पात्रं होतात, आणि पात्रांचं बरंवाईट वीस बाजूंचा फासा ठरवतो. पण सगळ्यात जास्त वाद झाले ते विषावरून!

पहिल्याच महिन्यात मी सांगितलं, "गुहेत काळा साप चावला. फासा टाका. दहाच्या खाली आला तर खेळ खलास."

डॉक्टर एकदम ताठ बसले. ते जामखेडकडे एका दवाखान्यात असतात, सर्पदंशाचे पेशंट नेहमीचेच.

"काळा हा रंग झाला. साप कुठला?"

"डॉक्टर, जादूचं जंगल आहे हो!"

"असू दे. नाग का घोणस?"

त्या दिवशी साप मेला, पण खेळ पुढे सरकला नाही.

*

मग डॉक्टरांनीच विषाचे नियम लिहून आणले. तीन पानं! आधी पापण्या जड होणार, मग एकाचे दोन दिसणार, मग श्वास. प्रत्येक तासाला एक फासा.

पहिला बळी संभा. हा नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातला, घरची भातशेती. त्याचा योद्धा दोन तास बैलगाडीत आडवा, आणि आम्ही गाडी हाकतोय. शेवटी संभा उखडला.

"डॉक्टर, मी अकोल्यावरनं एस्टीनं आलो, ते हितं झोपायला व्हय?"

तीन पानांचं एक पान झालं.

*

रूथ शाळेत विज्ञान शिकवते. खेळातलं तिचं पात्र म्हणजे एक तिरंदाज मुलगी, ती बाणाला विष लावायची. एकदा मी विचारलं, "हे विष टिकतं किती वेळ?"

कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी रूथ बांबूच्या सहा काड्या घेऊन आली. प्रत्येकीला विषाऐवजी काकवी फासून तिने उन्हात ठेवल्या होत्या, घड्याळ लावून.

"पाऊण तासाने बोटाला लागेना. पण वेगळंच कळलं."

"काय?"

"मुंग्या लागतात!"

आमच्या नियमांत मुंग्यांची एक ओळ आजही आहे.

*

एकदा मी राणीच्या मेजवानीत विष कालवलं. तीन आठवडे डोकं चालवून! वास नाही, चव नाही, कुणाला संशय यायचं कारणच नाही. ताटं वाढली. राणी हसून म्हणाली, "करा सुरुवात."

संभाने शांतपणे ताट सरकवलं.

"माझ्या योद्ध्याची आज चतुर्थी हाय."

*

गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. डॉक्टर रात्रीच्या ड्यूटीवरून थेट आलेले. गोष्टीत रूथच्या तिरंदाज मुलीला रानात नाग चावला. वैद्याचं गाव लांब. एका पानावर आलेले नियम मी वाचून दाखवले: एवढा उशीर झाला तर पंधराच्या वर पडायला हवा, नाहीतर मृत्यू. फासा एकदाच.

रूथने टाकला. तीन.

मी वही मिटायला लागलो.

"पुन्हा टाका," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, एकदाच टाकायचा. नियम तुमचाच आहे."

"माहितीये. रात्री एक मुलगी अशीच उशिरा आणली होती. टाका."

रूथने माझ्याकडे बघितलं, मग टाकला. सात.

"पुन्हा."

अकरा.

"पुन्हा."

पाच. फासा घरंगळून खाली पडला. एरवी असल्या गोष्टीवर आकाशपाताळ एक करणारा संभा वाकला, फासा उचलला आणि रूथच्या हातात दिला.

"टाका मॅडम."

अठरा!

"वाचली," डॉक्टर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला. मग मला म्हणाले, "पुढे सांगा. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली?"