पाणीमहालातली बेगम

बोरी नदीला पाणी आलं की नळदुर्गच्या किल्ल्यात माणसांची रीघ लागायची. सोलापूरच्या गिरण्यांतली माणसं, तुळजापूरला देवीचं दर्शन उरकून आलेली बिऱ्हाडं, उस्मानाबादच्या कचेरीतले कारकून, शाळांच्या सहली. किल्ल्यातल्या बंधाऱ्यामागं तळं तुडुंब भरलेलं, बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळताहेत, आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल. डोक्यावरून नदी वाहते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. डोळे भरून पाहावं असंच ते आहे, पण डोळे भरून पाहणारी माणसं थोडी. बाकीच्यांना गरम भजी हवीत, हसायला निमित्त हवं आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी हवं. ते काहीतरी महांतप्पा देत असे.

हा महांतप्पा आधी मोटार थांबायची तिथं पानं विकायचा. निजामाचं राज्य गेलं, किल्ल्यावरचे जुने पहारेकरी पांगले, तेव्हा यानं लाल फेटा बांधला, हातात काठी घेतली आणि स्वतःच गाईड होऊन बसला. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी हटकलंही नाही. पण माणसाच्या जिभेला चव नव्हती. 'ही भिंत जुनी, हा जिना जुना, ही खिडकी जुनी,' एवढंच त्याचं पुराण. लोक जांभया द्यायचे आणि अर्ध्यातून भज्यांकडं वळायचे.

एके दिवशी त्याची बायको सिद्धम्मा भाकरी घेऊन आली. वर मंडळी उभी होती, म्हणून ती बाजूच्या अरुंद जिन्यानं खालच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायला निघाली. पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला, घोटा मुरगळला आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली. ती किंकाळी दगडी खोल्याखोल्यांतून फिरली. वरच्या बायका किंचाळल्या, पुरुष दोन पावलं मागं सरले, आणि मग सगळेच एकमेकांकडं बघून खो खो हसत सुटले.

आवाज कुणाचा ते महांतप्पाला पक्कं कळलं होतं. पण तो जागचा हलला नाही. बोट वर करून तो म्हणाला, "ऐकलं का? बंधारा टिकंना म्हून भिंतीत चिणलेली बेगम हाय ती. पाणी चढलं की रडती."

असली बेगम कुठल्या दप्तरात नाही की कुणा म्हाताऱ्याच्या आठवणीत नाही. ती त्याच क्षणी महांतप्पाच्या डोक्यातून निघाली. मंडळी खूश होऊन वर गेली. त्यानंतर तो खाली उतरला. सिद्धम्मा सुजलेला पाय धरून बसली होती. त्यानं पायाकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "आणखी एकदा तसंच वरडता येईल का तुला?"

झालं, तिथून सिद्धम्माची बेगम झाली. पहिली मोटार यायच्या आत तिनं खालच्या खोलीत जाऊन बसायचं. वर काठी तीनदा आपटली की रडायचं, एकदा आपटली की गप्प व्हायचं. पायथ्याशी भजी तळणाऱ्या फातिमाबीकडून ती "हाय अल्ला, मुझे निकालो" एवढं शिकून आली. फातिमाबीनं शिकवलं, पण वर चार शब्द सुनावलेही. "मेलेल्यांची थट्टा करून पोट भरायचं व्हय गं? आन त्या गारठ्यात बसू नको, छाती धरंल तुझी."

छाती धरलीच. भिंती पाझरायच्या, वटवाघळं अंगावरून जायची, डोक्यावरच्या पाण्याचा घुमघुमाट कानातून रात्रीसुद्धा जायचा नाही. दिवसभर बाहेर यायची सोय नाही. कुणी पाहिलं तर बेगमचं बिंग फुटेल, म्हणून लघवीलासुद्धा तिन्हीसांजेपर्यंत दम धरायचा. तिला खोकला लागला, तर महांतप्पानं तोही गोष्टीत बसवला. "बेगमला गारठा बाधलाय बघा," तो म्हणायचा, आणि लोक पोट धरून हसायचे. खाली एक बाई तोंडात पदर कोंबून खोकते आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याला होतं, तरी तोही हसायचा.

सिद्धम्मानं नवऱ्याकडं जन्मात एकच गोष्ट मागितली. चन्नम्मा नावाची त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत जात होती; पुस्तक मोठ्यानं वाचायची, गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायची. तिनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, एवढंच सिद्धम्माचं म्हणणं. "लिंगाला हात लावून सांगा," ती म्हणाली. त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि सांगितलं, "म्या चन्नीला खाली नेणार न्हाय." सिद्धम्माला तेवढं पुरलं. त्या एका शब्दाच्या भरवशावर ती दर पावसाळ्याला त्या बिळात उतरत राहिली.

मग एका पावसाळ्यात तिचा आवाजच बसला. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, गरम मिठाच्या गुळण्या झाल्या. घशातून नुसती फुसफुस यायची. वर महांतप्पा काठी आपटून आपटून दमला आणि लोक म्हणाले, "कुठाय हो तुमची बेगम? माहेरी गेली काय?" त्या संध्याकाळी तिच्या पाठीवर तीच काठी बसली.

सिद्धम्मानं तोड काढली. घरातली एक रिकामी घागर ती बरोबर न्यायला लागली. घागरीच्या तोंडाशी तोंड नेऊन कुजबुजलं की घागर ते मोठं करून द्यायची. खोल, घोगरा आवाज. लोक आणखीच घाबरायचे. महांतप्पा खूश झाला. पण आवाज कसा लावायचा ते साधेपर्यंत ती घरी चुलीजवळ बसून घागरीत रडायचा सराव करायची, आणि शेजारी पुस्तक उघडून बसलेली चन्नम्मा सगळं बघत होती. बाईनं जन्मभर सावधपण राखलं आणि चुकली ती इथं. जे पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून मरमर मेली, ते तिनं पोरीसमोरच गिरवलं.

भर श्रावणातला रविवार. कुठल्याशा खात्याचे मोठे साहेब बायकापोरांसह बेगम ऐकायला येणार होते. आणि नेमकी त्याच सकाळी सिद्धम्मा तापानं फणफणलेली. महांतप्पानं तिची वाकळ पायानं बाजूला सारली.

"ऊठ. साहेब येतेत."

ती हाताच्या रेट्यानं उठायला गेली आणि जागीच कोलमडली.

"आज बेगम रडली न्हाय तर संध्याकाळी तुला खरीखुरी रडवतो," असं म्हणून तो फेटा बांधून निघून गेला. चन्नम्मा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

सिद्धम्माला जाग आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. पाण्याच्या घागरी भरलेल्या होत्या. कोपऱ्यातली रिकामी घागर तेवढी जागेवर नव्हती. अंगाभोवती वाकळ तशीच गुंडाळून, भिंती धरत धरत ती किल्ल्याच्या वाटेला लागली. वाटेत फातिमाबीनं हाक मारली, "अगं, कुठं निघालीस अशी?" सिद्धम्मानं तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही.

ती महालात पोहोचली तेव्हा साहेबांची मंडळी खिडकीपाशी उभी होती. समोर पाण्याचा पडदा, तुषार, पोरांचा दंगा. महांतप्पाची गोष्ट रंगात आली होती, पण त्याचा चेहरा उतरलेला होता, कारण खाली बायको नाही हे त्याला माहीत होतं. आता काय होईल ते होवो म्हणून त्यानं काठी तीनदा आपटली.

खालून किंकाळी आली. कोवळी, भेदरलेली, चिरत जाणारी. पोरीला अंधारात उर्दू शब्द आठवले नसावेत. "अव्वा! अव्वा गं!" घागर घुमली आणि भिंती घुमल्या.

"अहो, बेगम कानडी शिकली की!" साहेबांच्या बाईसाहेब म्हणाल्या, आणि एकच हशा उसळला.

महांतप्पाची काठी हवेत थबकली. पोरीचा आवाज त्यानं ओळखला होता. क्षणभर, फक्त क्षणभर, तो माणूस बाप होता. मग त्यानं साहेबांच्या हसऱ्या तोंडाकडं पाहिलं आणि घसा खाकरून म्हणाला, "शेवटच्या घडीला आईला हाक मारली व्हती तिनं. तीच ऐकू येती." आणि पुन्हा तीनदा काठी आपटली.

सिद्धम्मा गर्दीत घुसली. "चन्नी!" म्हणून ती ओरडली, म्हणजे ओरडायला गेली. नुसता वारा निघाला. मोकळे केस, अंगावर वाकळ, डोळे तापानं लाल. पोरं आयांना बिलगली.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"बेगमची दासी, साहेब," महांतप्पा म्हणाला. "ती बी तवापास्नं भटकतीय."

या वेळी तर साहेबांनी टाळीच वाजवली. सिद्धम्मा बाजूच्या जिन्याकडं धावली. महांतप्पानं हसत हसत काठी आडवी धरली. पाहुणे असताना कुणी खाली उतरायचं नाही हा त्याचा नियम. ती काठीला लोंबकळली, त्याच्या हाताला चावली. लोकांना तेही खेळातलंच वाटलं. खाली पोर रडत होती, वर काठी वाजत होती, आणि जिच्या नावानं हाक चालली होती तिला साधं 'ओ' देता येत नव्हतं. माणसं इतकी हसलेली त्या महालानं कधी ऐकली नसतील.

मंडळी भज्यांकडं वळली, तसा त्यानं जिना मोकळा केला. सिद्धम्मा खाली उतरायला वळली, पण त्याआधी तिनं नवऱ्यासमोर गळ्यातलं लिंग धरल्याची खूण केली.

"म्या नेलं का तिला?" तो म्हणाला. "तिची ती गेली. माझी आण शाबूत हाय."

चन्नम्मा घागर पोटाशी धरून वर आली. ओठ निळे, केसांत कोळिष्टकं. आईला पाहताच तिनं डोळे पुसले आणि आशेनं विचारलं, "अव्वा, तुझ्यावाणी जमलं न्हवं? आता तुला मार बसणार न्हाय न्हवं?"

सिद्धम्मानं काय सांगावं? जमलं म्हणावं तर पोर उद्या पुन्हा येईल. नाही जमलं म्हणावं तर उद्या आणखी जीव तोडून रडेल. तिनं लेकीचे गारठलेले पाय मांडीवर घेतले आणि ती ते चोळत बसली.

महांतप्पानं फेटा नीट केला. "उद्या शाळंला धाडू नको," तो बायकोला म्हणाला. "सोलापूरची पयली मोटार लवकर येती."